शेपटीचं टोक

वाळवंटात रोवलेल्या कॅमेऱ्याचं पहिलं मेमरी कार्ड उघडलं तेव्हा त्यात साडेतीन हजारांच्या वर फोटो होते. मी हरखून गेले. दहा दिवसांत एवढं? मग एकेक बघायला बसले. सेवण गवताचं एकच ठोंब. डावीकडे झुकलेलं, उजवीकडे झुकलेलं, पहाटेचं, भर दुपारचं. मध्ये शंभरेक शेळ्या, एका उंटाची भिंगाला टेकलेली नाकपुडी, पुन्हा गवत. आणि रात्री सव्वादोनच्या एका फोटोत, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडणारं एक धड. चार पाय, पाठ, कान. शेपटी मात्र चौकटीबाहेर.

मला शेपटीच हवी होती. बाकीचं नसतं तरी चाललं असतं.

थरच्या वाळवंटात खोकडं दोन जातींची. एक आपलं नेहमीचं भारतीय खोकड, त्याच्या शेपटीचं टोक काळं. दुसरं वाळवंटी खोकड, म्हणजे युरोपापासून आशियापर्यंत पसरलेल्या रेड फॉक्सची इथली उपजात. त्याच्या शेपटीचं टोक पांढरं आणि कानांची मागची बाजू काळी. दिवसा, दुर्बिणीतून, निवांत बसलेलं दिसलं तर चुकायचं कारण नाही. पण रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत रंग नसतोच. सगळं करडं, डोळे दोन बटणांसारखे चमकणारे, आणि धावपळीत कानांची मागची बाजू कोण दाखवतंय? उरतं शेपटीचं टोक. दोन हिवाळे आणि त्यांच्या पुढेमागे सांडलेले काही महिने मी त्या टोकाच्या मागे होते.

काम कागदावर साधं होतं. जैसलमेरच्या पश्चिमेला, डेझर्ट नॅशनल पार्कच्या कडेनं, माणसं आणि त्यांची जनावरं राहतात त्याच जमिनीवर कुठले मांसभक्षी प्राणी वावरतात, काय खातात आणि लोकांचं त्यांच्याशी कसं काय जमतं, हे बघायचं. खोकडं, वाळवंटी मांजर, कोल्हा, लांडगा, तरस, आणि नशीब असेल तर कॅराकल नावाचं दुर्मीळ रानटी मांजर. हे नॅशनल पार्क नावालाच. 1980 साली जाहीर झालं ते अभयारण्य म्हणून. 3,162 चौरस किलोमीटरच्या त्या हद्दीत गावं आहेत, ढाण्या म्हणजे विखुरलेल्या छोट्या वस्त्या आहेत, शेतं आहेत. जाळी मारून राखलेले तुकडे त्यामानानं लहान. थर हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. त्यामुळे ‘माणसापासून दूरचं निर्जन वाळवंट’ असं काही डोक्यात घेऊन कुणी इथे आलं, तर पहिल्याच सकाळी घंटांच्या आवाजानं जाग येते आणि तंबूभोवती दोनशे मेंढ्या उभ्या असतात.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही. अभयारण्यात काम करायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यात सरहद्द जवळ, आणि मी जीपीएस घेऊन आपोआप फोटो काढणारे डबे वाळूत रोवत फिरणार. एका कार्यालयात माझी फाइल इतके दिवस पडून होती की शेवटी शिपाईच मला नावानं हाक मारायला लागला. हिवाळ्याचे पहिले पाच आठवडे त्यात गेले.

कॅमेरा ट्रॅपबद्दल मात्र लिहिते, कारण इथे मी रीतसर तोंडावर पडले. हा कॅमेरा प्राणी ‘बघत’ नाही. आसपासच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून हललं की तो जागा होतो. जंगलात सावली असते, जमीन थंड असते, प्राणी उबदार असतो, म्हणून फरक कळतो. वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी जमीनच प्राण्याच्या अंगाइतकी, कधी त्याहून जास्त तापते. मग समोरून खोकड गेलं तरी कॅमेरा झोपलेला, आणि तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की धडाधड फोटो. शिवाय बांधायला झाडं नाहीत. लोखंडी अँगल ठोकायचा, तोही खोकडाच्या छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. भिंग उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलंत तर रोज सकाळ-संध्याकाळ सूर्याचे फोटो मिळतात. हे सगळं मी वाचून गेले होते आणि तरीही पहिला कॅमेरा पश्चिमेला तोंड करून लावला, कारण पायवाट तशी जात होती.

गवताचा उपाय माझ्या संशोधनाच्या गाईडनी फोनवर सांगितला होता : समोरचं सगळं साफ कर. मी खुरपं घेऊन बसले आणि सेवणाचं पहिलं ठोंब उपटलं, तेवढ्यात मागून आवाज आला. एक म्हातारा गुराखी, खांद्यावर काठी आडवी. एवढा चिडलेला माणूस मी त्या मुलखात नंतर पाहिला नाही. सेवण म्हणजे इथल्या गाईमेंढ्यांचा जीव. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा फुटतं, आणि ही कोण शहरातली बाई ते मुळासकट काढतेय! बोलून झाल्यावर ते खाली बसले, दुसऱ्या ठोंबाची पाती मुठीत धरून पिळली, त्यांचीच गाठ मारली आणि ते ठोंब जमिनीलगत दाबलं. वाऱ्यानं हलेना. उठताना म्हणाले, “गाठ सुटते. मूळ परत लागत नाही.”

हे काकोसा. पुढची दोन वर्षं त्यांनी मला ‘बाईसा’ म्हटलं आणि मी त्यांना काकोसा. नाव इथे देत नाही. त्यांचे वडील पागी होते, म्हणजे माग काढणारे. हरवलेला उंट, चोरीला गेलेली जनावरं, सगळं पावलांवरून शोधणारे. काकोसांनी तो धंदा केला नाही, पण डोळा घरचाच होता.

वाळूवरचे ठसे सकाळी बघायचे, ऊन तिरकं असताना. सूर्य वर आला की सावली जाते, ठसा सपाट दिसतो, आणि नऊ-साडेनऊला वारा सुटला की सगळी पाटी कोरी. मांजराच्या ठशात नखं नसतात हे पुस्तकातून माहीत होतं. खोकड आणि लहान कुत्रा यांतला फरक मात्र काकोसांनी दाखवला, तोही एका ठशावरून नाही, चालीवरून. खोकड कामाला निघाल्यासारखं चालतं, एका रेषेत, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर. कुत्रा रिकामटेकड्यासारखा. इकडे हुंगलं, तिकडे वळला, बोटं फाकलेली. “आ लूंकडी कोनी,” काठीच्या टोकानं दाखवत ते म्हणायचे, “कुत्तो है.” लूंकडी म्हणजे खोकड, कोनी म्हणजे नाही. पहिल्या महिन्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या वहीत त्याचं नुसतं ‘आ.लू.को.’ झालं होतं.

खरा फटका बसला विष्ठेच्या बाबतीत. प्राणी काय खातो हे कळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याची विष्ठा गोळा करणं. हातमोजे आणि मास्क घालून, कारण त्यात माणसाला लागू शकतील अशा कृमींची अंडी असू शकतात. प्रत्येक नमुना कागदी पाकिटात, त्यावर तारीख, जागा, खालची जमीन कशी होती ते. मग तो वाळवायचा, बारीक चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवायचा, आणि चाळणीत उरेल ते निवडायला बसायचं. मला हे काम आवडायचं. गोबरभुंग्यांची चकचकीत पंखकवचं, सांडा या काटेरी शेपटीच्या सरड्याची नखं, वाळवंटी उंदराचे नारिंगी झाक असलेले दात, बोराच्या बिया. खोकड मांसभक्षी खरं, पण बोरांच्या दिवसांत त्याच्या विष्ठेत मांसापेक्षा बोरंच जास्त. केस सापडले तर काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिश लावून त्यावर केस टेकवायचा, सुकल्यावर ओढून काढायचा. पॉलिशमध्ये केसावरच्या खवल्यांचा ठसा उमटतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो सशाचा की उंदराचा की मेंढीचा ते कळतं. माझ्या टेबलावर नेलपॉलिशच्या सहा बाटल्या होत्या आणि माझी स्वतःची नखं पूर्ण वेळ मातीनं भरलेली.

पहिल्या हिवाळ्यात मी दोनशेच्या आसपास नमुने जमवले, ‘खोकड’ असं लिहून. काकोसा एकदा तंबूत आले, पाकिटांच्या ढिगाकडे बघितलं, दोन-तीन उघडून पाहिली. कुठून आणली, विचारलं. मी सांगितलं : ढाणीपासून विहिरीपर्यंतच्या वाटेवरून. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. मला कळायचं ते कळलं. वाटेवर, उंचवट्यावर, दगडावर विष्ठा टाकायची खोकडाची सवय मला ठाऊक होती. कुत्र्यालाही त्याच वाटा आवडतात हे मी सोयीनं विसरले होते. पुढे काही नमुन्यांची डीएनए तपासणी करून घेतली, आणि ढाण्यांजवळच्या नमुन्यांत कुत्र्याचे इतके निघाले की तो सगळा गठ्ठा मला बाजूला ठेवावा लागला. एका हिवाळ्याची मेहनत. त्यात गुटख्याच्या पुडीचे तुकडे सापडत होते, तेव्हाच शंका यायला हवी होती.

उरलेल्या, खात्रीच्या नमुन्यांत मेंढीची लोकर होती. थोडी, पण होती. ती हातात घेऊन मी चांगलीच अस्वस्थ झाले, कारण ढाण्यांवर सगळे तेच सांगत होते : लूंकडी कोकरं नेते.

मुलाखतींचं तंत्र मला आधी फार सोपं वाटलं होतं. प्रश्नावली घ्यायची, विचारायचं, उत्तर लिहायचं. “गेल्या वर्षी जंगली जनावरांनी तुमच्या किती मेंढ्या मारल्या?” असं विचारलं की आकडा येतो. मोठा येतो. विचारणारी बाहेरून आलीय, हातात वही आहे, कुणास ठाऊक काही भरपाई मिळेल. यात खोटेपणा नाही. प्रश्नच तसा आहे, उत्तर त्याच्या पोटातच ठेवलेलं. नंतर मी प्रश्न उलटा केला. मागच्या पावसाळ्यात किती होत्या, किती व्यायल्या, आज किती आहेत, आणि मधल्या कुठे गेल्या? मग माणूस खरोखर मोजायला बसतो. बोटं मोडत, बायकोला हाक मारून विचारत. अमुक विकल्या, तमुक आजारानं गेल्या, एक ट्रकखाली, दोन थंडीत, तीन कुत्र्यांनी, एक लांडग्यानं, आणि हो, एक कोकरू लूंकडीनं. जवळजवळ प्रत्येक ढाणीवर आजाराचा आकडा सगळ्यात मोठा निघायचा. पण आजारावर कुणी राग काढू शकत नाही.

मुलाखतीत प्राण्यांचे फोटो दाखवायचो. त्यांत एक फोटो मुद्दाम इथे नसलेल्या प्राण्याचा : सहारातलं फेनेक, केवढाले कान असलेलं चिमुकलं खोकड. जो ‘हो, हाही दिसतो’ म्हणेल त्याची बाकी उत्तरंही जरा सांभाळून घ्यायची, एवढाच हेतू. एका गृहस्थांनी फेनेक नीट निरखून सांगितलं की हा सरहद्दीपलीकडे फार आहे, कधीमधी तारेखालून येतो. काकोसांनी तोच फोटो बघून विचारलं, “हा कुठल्या पोरानं बनवला?”

कॅराकलचा फोटो दाखवला की बहुतेक जण मान हलवायचे. एकाच म्हाताऱ्यानं, तेही फोटो दाखवायच्या आधी, स्वतःहून वर्णन केलं : कानांना काळी शेंडी असलेलं लालसर मांजर, पाणवठ्यावरून उठलेल्या भट तितरांच्या थव्यात उडी मारून एकाला हवेतच पकडलेलं. किती वर्षांपूर्वी? त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या आधी. मुलाचा मुलगा शेजारी मोबाइल बघत बसला होता. 2021 साली राष्ट्रीय वन्यजीव मंडळानं कॅराकलला अति संकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवनाच्या यादीत घेतलं. देशात आता राजस्थान आणि कच्छ एवढाच काय तो त्याचा आधार उरलाय. आमच्या एकाही कॅमेऱ्यात ते आलं नाही. म्हाताऱ्यांचं सांगणं मी ‘नोंद’ या रकान्यात लिहू शकले नाही, ‘मुलाखत’ या रकान्यात लिहिलं. आजही ते मला थोडं लागतं, कारण माझ्या अर्ध्या फोटोंपेक्षा ते वर्णन स्पष्ट होतं.

अर्थात कॅमेऱ्यात न येणं म्हणजे नसणं नव्हे. वाघ पट्ट्यांवरून मोजतात, तरसही मोजता येईल, पण एका खोकडाचा फोटो दुसऱ्यापासून वेगळा करता येत नाही. म्हणून आम्ही किती आहेत हे विचारतच नव्हतो. जमिनीचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात पुन्हा पुन्हा जायचं, आणि दर वेळी लिहायचं : खूण मिळाली, नाही मिळाली. पाच खेपांत दोनदाच मिळाली तर त्यावरून अंदाज बांधता येतो की ‘असूनही न दिसण्याचं’ प्रमाण किती, आणि मग जिथे एकदाही काही मिळालं नाही तिथल्या शून्याकडे किती गांभीर्यानं बघायचं. यातून जे दिसलं त्यातलं एक सांगते. मोहनगढच्या बाजूला, जिथे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलंय, तिथल्या चौकोनांत कोल्हा आणि रानमांजर भरपूर, आणि त्यांच्याबरोबर कुत्रे. कोरड्या, ओरणांच्या बाजूला खोकडं आणि वाळवंटी मांजर. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेली चराई. झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. वर्षानुवर्षं यांतली कित्येक सरकारी कागदांवर पडीक म्हणून होती, आणि पडीक म्हटलं की पवनचक्क्यांना आणि सौर प्रकल्पांना जागा मोकळी. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानला ओरणांची मोजणी करून त्यांची वन म्हणून नोंद करायला सांगितलं. आम्ही जिथे फिरलो त्या एका ओरणातून विजेच्या तारा आधीच गेल्या होत्या.

आता कोकरांची गोष्ट. दुसऱ्या वर्षाचा जानेवारी, कडाक्याची थंडी. पहाटे काकोसांचा पुतण्या मोटारसायकलवर मला बोलवायला आला : मेंढ्यांच्या बाड्यातून दोन कोकरं गेली, लूंकडीनंच नेली, या आणि लिहा. मी पोचले तेव्हा ती बाड्यापासून थोड्या अंतरावर पडली होती. दोघांचीही पोटं फाडलेली. पुतण्या संतापलेला, बीळ त्याला माहीत होतं, आणि धुरी देऊन बुजवायची त्याची तयारी होती. शेजारच्या एका ढाणीवर मेलेल्या जनावरात कीटकनाशक कालवून ठेवतात हेही त्यानं मला ऐकवलं. ते खाऊन खोकडच मरतं असं नाही, गिधाडं आणि गरुडही मरतात, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण काकोसांनी हातानं थांबवलं आणि चाकू मागितला.

पहिल्या कोकराच्या मानेवरची कातडी त्यांनी लांब चिरली आणि दोन्ही हातांनी उलगडली. आतून पांढरट, स्वच्छ. दात लागलेल्या जागीही रक्त साकळलेलं नव्हतं. जिवंतपणी चावलं तर आत रक्त फुटतं, काळंनिळं पडतं. मेल्यावर चावलं तर नुसती भोकं. हे कोकरू थंडीनं गेलं होतं, फाडलं गेलं ते नंतर. मग दुसरं. याची मान नाही, मागचा फरा. कातडी उलटली आणि खाली सगळं काळं, गोठलेलं, हाताच्या पंजाएवढं. भोकं ठिकठिकाणी, कानावर, मांडीवर, शेपटीच्या बुडाशी. मी पट्टी लावली. दोन सुळ्यांमधलं अंतर खोकडाच्या जवळजवळ दुप्पट. लांडगा असेल? काकोसांनी मान हलवली. लांडगा गळ्याला धरतो, उचलून नेतो. खेळून टाकून देत नाही. मी ‘कुत्रा (संभाव्य)’ असं लिहिलं, कारण नुसत्या दातांवरून लांडगा आणि मोठा कुत्रा यांत खात्रीनं भेद करता येत नाही.

त्या रात्री दोन्ही कोकरं तिथेच ठेवून समोर कॅमेरा लावला. उद्या बघू म्हणून बीळ बुजवणं एक दिवस पुढे ढकललं गेलं, हे त्या कॅमेऱ्याचं पहिलं काम. सकाळी काकोसा, पुतण्या आणि मी, तिघं जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून उभे. रात्री नऊच्या पुढे खोकड. एकटं, थबकत थबकत आलेलं, शेपटी आडवी, टोक लख्ख पांढरं. अंगावरचे केस एका बाजूला जागोजागी गेलेले, बहुधा खरूज; कुत्र्यांच्या संगतीनं खोकडांना लागणाऱ्या रोगांतला हा एक. दहा मिनिटं खाल्लं, गेलं. मग दोनच्या सुमाराला तीन कुत्रे. तिसरा पाठमोरा होता, शेपटी वर वळलेली, मध्येच एक वाकडा गुडघ्यासारखा कोन. गळ्यात कापडाची चिंधी.

कुणी काही बोललं नाही. पुतण्यानं काकोसांकडे बघितलं. काकोसांनी मला तो फोटो परत दाखवायला सांगितला, मग पुन्हा एकदा. तो त्यांचाच कुत्रा होता. लहान असताना दारात शेपटी चिरडली होती, तेव्हापासून ती तशी. दिवसभर तो कळपाबरोबर असायचा, आम्हा सगळ्यांच्या हातचं खायचा, माझ्या तंबूच्या सावलीत झोपायचा. कोकरू त्यानं मारलं असं त्या फोटोवरून सिद्ध होत नव्हतं. आदल्या रात्री तो तिथे होता की नाही हे कॅमेऱ्याला माहीत नव्हतं. खोकडाला आम्ही एवढी सवलत दिली नव्हती, हे माझ्या मनात आलं, पण मी बोलले नाही.

संध्याकाळी गेले तेव्हा कुत्रा साखळीनं बांधलेला होता आणि रात्रभर केकाटत राहिला.

त्या फोटोनं जे झालं ते माझ्या अहवालानं झालं नसतं. आजूबाजूच्या दहा-बारा ढाण्यांनी रात्री कुत्रे बांधायचं ठरवलं. चार-पाच ठिकाणी ते टिकलं. बाड्याच्या काट्यांच्या कुंपणात खालून जुने पत्रे पुरले, कारण आत शिरणारं खालूनच शिरतं. मेलेली जनावरं टाकायची जागा वस्तीपासून लांब नेली. इथे एक जुना गुंता आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं मेली; 2006 मध्ये त्यावर बंदी आली, पण गिधाडं काही त्या संख्येत परत आली नाहीत. पूर्वी तासाभरात साफ होणारं मढं आता दिवसेंदिवस पडून राहतं, आणि त्यावर कुत्रे पोसले जातात. माझ्या चाळणीतली मेंढीची लोकर बरीचशी तिथूनच आलेली असणार. लोकर सापडली म्हणजे शिकार केली, हे समीकरण मी खोडलं. कुत्र्यांच्या लसीकरणाचं मात्र अर्धंच जमलं. रेबीजची लस टोचून झाली. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची लस थंड ठेवावी लागते, आणि आमचा बर्फाचा डबा दुसऱ्याच दिवशी दुपारी हरला. ते काम उन्हाळ्याच्या तोंडावर काढलं ही चूक माझीच होती.

एप्रिलमध्ये सगळे कॅमेरे काढून आणले. सेल काढले, वाळू झटकली, मोजून पेटीत भरले. शेवटचं कार्ड ओरणातल्या विहिरीजवळचं. त्यात नेहमीचं सगळं, आणि एका रात्री, चौकटीच्या डाव्या कडेला, फक्त एक शेपटी. बारीक, टोकाकडे दोन-तीन काळी वळी, टोक काळं. मांजर, एवढं नक्की. वाळवंटी मांजर की ढाणीवरचं? दोघांचा संकर होतो, आणि त्या संकरात अस्सल वाळवंटी मांजर हळूहळू विरघळून जाण्याचाच मोठा धोका आहे, त्यामुळे प्रश्न क्षुल्लक नव्हता. काकोसा म्हणाले, रानटीच. ढाणीचं मांजर रात्री एवढं लांब कशाला येईल? गाईड फोनवर म्हणाले, पायांवरचे पट्टे आणि अंगावरचे ठिपके दिसत नाहीत तोवर काही म्हणू नकोस. मी तक्त्यात लिहिलं : मांजर, जात अनिश्चित.

काय लिहिलं, काकोसांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. थोडा वेळ उन्हाकडे बघत बसले, मग पेटीकडे बोट केलं. एक कॅमेरा द्या.

माझी गाडी रात्री होती. गाईडना विचारलं नव्हतं. ते नंतर सांगितलं, आणि बोलणी खाल्ली. आठ नवे सेल घातले, कार्ड घातलं, आणि आम्ही परत विहिरीवर गेलो. अँगल त्यांनीच ठोकला. उंची मोजली नाही, गुडघ्यावर बसून एकदा भिंगाच्या रेषेत डोळा लावला तेवढंच. तोंड उत्तरेला. मी समोर जाऊन मांजरासारखी रांगत दोनदा इकडून तिकडे गेले, लाल दिवा लुकलुकला. ते तोवर पुढे जाऊन सेवणाच्या ठोंबाला गाठ मारत होते.